दोन गोधड्या आणि एक गरम पिशवी

जानेवारीतल्या त्या सकाळी इंदिरानगरच्या फ्लॅटवर पोचायला मला साडेनऊ झाले. आदल्या दिवशी शवागारात पाच पोस्टमॉर्टेम केली होती आणि पाठ अजून धरलेली होती. आम्हा न्यायवैद्यकवाल्यांना कोणाच्या घरी जाऊन मृतदेह बघण्याची वेळ क्वचित येते. इथे मृताच्या मुलानेच पोलिसांत तक्रार दिली होती, म्हणून फौजदारांनी मला बोलावून घेतलं.

गेलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. वडिलांकडे बघायला पेठ तालुक्याकडच्या एक बाई होत्या. रोज सकाळी सहाला यायच्या आणि संध्याकाळी जायच्या.

"सहाला आली आणि आम्हाला आठला सांगितलं," मुलगा म्हणाला. "मधले दोन तास काय करत होती ते विचारा तिला."

बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. "मला वाटलं, झोपल्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

मी शरीराच्या आतलं तापमान घेतलं. चौतीस अंश. जिवंत माणसाचं सदतीस असतं. खोलीचं पंधरा. माणूस गेला की अंगात नवी उष्णता तयार होत नाही. असलेली हळूहळू बाहेरच्या गार हवेत जात राहते. किती गेली त्यावरून किती वेळ झाला याचा अंदाज बांधायचा. ढोबळ हिशोब तासाला एक अंशाचा. वर्गात मुलांना शिकवताना मी नेहमी सांगते, की हा हिशोब एकटा कधी वापरू नका. त्या दिवशी मात्र फौजदारांनी विचारलं आणि मी बोलून गेले, "तीनेक तास."

त्यांनी ते लिहून घेतलं. साडेनऊतून तीन वजा केले की साडेसहा. म्हणजे बाई घरात असताना. मुलाने फौजदारांकडे पाहिलं. पुढे कोणाला काही बोलावं लागलं नाही. बाईंना चौकशीसाठी चौकीवर नेलं.

मृतदेह स्ट्रेचरवर घेताना मी हात दिला. कोपर वाकेना. गुडघाही वाकेना. तीन तासांत जबडा आणि मान आखडते, गुडघे इतके नाहीत, आणि थंडीत तर त्याला आणखी वेळ लागतो. हे हाताला कळलं होतं, तरी मी गाडीत जाऊन बसले आणि द्वारका चौक येईपर्यंत डोळे मिटून राहिले. मग चालकाला म्हटलं, मला चौकीवर सोड.

बाई बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"सकाळी तुम्ही आलात तेव्हा बाबांच्या अंगावर काय होतं?"

"दोन गोधड्या हुत्या. हात गार लागलं, म्हनून पानी तापवलं अन् रबराची पिशवी भरून पोटाशी ठिवली. वरून गोधड्या चापून लावल्या."

"पिशवी कधी काढली?"

"आठला. चहा घेऊन गेले तवा उठना झाले. हलवून पाह्यलं. मंग पिशवी काढली अन् वर पळाले सांगाया."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलंच नाय."

मीही विचारलं नव्हतं. गोधड्यांनी अंगातली ऊब धरून ठेवली होती आणि पिशवीने बाहेरून दोन तास आणखी घातली होती. मला मिळालेले चौतीस अंश सगळे त्यांचे नव्हतेच.

दुपारी पोस्टमॉर्टेम झालं. हृदय थकलेलं, बाकी कुठे काही नाही. आखडलेलं अंग, पाठीकडे उतरून बसलेल्या रक्ताचा रंग, गोधड्या, पिशवी, सगळं लिहून मी मत दिलं की मृत्यू पहाटे चारच्या आधीचा असावा. फौजदारांना सांगितलं, सकाळी मी घाईने बोलले. ते म्हणाले, "होतं मॅडम." मुलाने तक्रार मागे घेतली.

संध्याकाळी बाईंना सोडलं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी मला थांबवलं.

"डॉक्टरबाई, म्या पिशवी ठिवली तवा बाबा हुतं का?"

"नव्हते. दोन तास तरी आधीच गेले होते. झोपेतच."

"मी बोलत हुते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "म्हनलं, जरा ऊब येऊ द्या, मंग च्या देते."

मी माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल हे नीट कळलं नसावं, कारण त्यांनी मलाच विचारलं, "तुमी जेवला का?"

त्या कॉलनीत त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. पोलीस घेऊन गेले होते एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, सोडलं ते नाही. मी ओळखीच्या दोन घरी शब्द टाकला. एका घरी हो म्हणाले, पण तोवर बाई गावाकडे निघून गेल्या होत्या.