भाजलेले धणे आणि दोन नाकं

"अहो, वास घ्या आणि सांगा लवकर, जळतायत का?" शहाडचा तो मसाला कांडणारा झाऱ्यावरचे धणे माझ्या नाकाखाली धरून ओरडत होता.

आमचा वर्षभराचा मसाला त्या कढईत होता आणि हा मलाच विचारत होता. मी गोंधळलो. माझं नाक तर असं चोंदलेलं, की उल्हास नदीही त्यात अडली असती. वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी हुंगली, शिंकरून शिंकरून भिंतींना तडे पाडले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत सूज आहे, शिंकरून काय निघणार?"

मिरचीच्या ठसक्याने तरी नाक सुटेल, म्हणून बायकोऐवजी मीच आलेलो. तिथे रस्त्यावरची कुत्रीही शिंकत होती. हा मात्र तोंडाला फडकंसुद्धा न बांधता उभा. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे झारा धरायची त्याची सवय मला त्याचा नम्रपणा वाटलेली.

"दादा, माझं नाक बंद आहे. तुम्हीच बघा ना."

"वीस वर्षं मिरची कांडतोय. मला वासच येत नाही."

धुरात धण्यांचा रंगही कळेना.

"मग आता?"

त्याने गॅस बंद केला.

"थांबू. कोणीतरी येईल."