विषय: पाय परत मिळणेबाबत

पाय गेला की माणसाला सगळ्यात आधी काय मिळतं, ठाऊक आहे? केळी. जालना रोडवर एका टेम्पोनं माझी स्कूटी आणि माझा उजवा पाय, दोन्हींचा एकदमच निकाल लावला, त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात खाटेशेजारी एवढी केळी जमली की नर्सबाईंनी विचारलं, दुकान टाकताय का? आणि केळ्यांसोबत गोष्टी. प्रत्येकाच्या मावसभावाचा कुणीतरी साडू असतो, तो नकली पायावर डोंगर चढतो, ट्रॅक्टर चालवतो, वर वरातीत नाचतो. मी तेव्हा खाटेवरून खुर्चीवर कसं सरकायचं ते शिकत होते. त्या न पाहिलेल्या साडूचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आणि पुढं मी स्वतःच तो साडू झाले. देवाची करणी अन् नारळात पाणी, दुसरं काय!

झालं असं की पाटबंधारे खात्यातून मी निवृत्त झाले, घरात बसून आमच्या ह्यांच्या चुका काढायचाही कंटाळा आला, आणि ज्या बाईंनी माझ्याकडून व्यायाम करून घेतले होते त्यांनी मला एका गटात ओढलं. गटाचं नाव इतकं आशादायक आहे की मोठ्यानं घ्यायची मला लाज वाटते. आम्ही सहा माणसं आणि पाय सात. एकाचा पाय नाही, हात गेलाय, म्हणून हिशेब तसा. ज्यांचा पाय काढायचाय किंवा नुकताच काढलाय त्यांना दवाखान्यात जाऊन भेटायचं, बोलायचं, धीर द्यायचा. यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. समोसा मिळाला आणि एक फाईल मिळाली. फाईलमध्ये नियम: सल्ला देऊ नका. 'मला समजतं' असं म्हणू नका. विचारल्याशिवाय आपला पाय दाखवू नका. कमी बोला, जास्त ऐका. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला सांगतात, जास्त ऐका! मी फाईल कपाटात ठेवली. अजून तिथंच आहे, कोरी करकरीत.

माझी पद्धत वेगळी होती. साडी नीट चापूनचोपून नेसायची, वॉर्डाच्या दारापासून खाटेपर्यंत ताठ चालत जायचं आणि पेशंटला विचारायचं, "ओळखा बघू, यातला नकली पाय कोणता?" नव्वद टक्के लोक चुकायचे. मग मी निऱ्या चार बोटं उचलून दाखवायची, आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. माझी छातीही जरा फुगायची. खोटं कशाला बोलू?

तर मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी मला बोलावणं आलं. पिशोरकडची बाई, पंचेचाळीसच्या आसपासची, घरची शेती. साखरेचा आजार, पायाला काटा लागला, जखम चिघळली, अंगठ्यापासून पाय काळा पडत वर चालला होता. सर्जन तरुण होता, दिवसभर धावपळ करून डोळे लाल झालेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, बुधवारी सकाळी डावा पाय गुडघ्याखालून काढला तर बाई वाचते. त्याहून उशीर झाला तर गुडघाही जाईल, आणि त्यानंतर मी काही सांगू शकत नाही. सही करत नाहीत. तुम्ही बोला."

सही का करत नाही, यावर प्रत्येकाचं आपापलं मत तयार होतं. डॉक्टर म्हणाला, त्यांनी अजून मनानं स्वीकारलेलं नाही. नवरा म्हणाला, "भ्याली हाय ती." आणि तिची जाऊ, जी आमच्या मागं मागं व्हरांड्यात आली होती, माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तिला वाटतंय, मालक दुसरी करतेल." बाईला स्वतःला काय वाटतं हे तेवढं कुणाला विचारायला सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी पदर खोचला आणि नेहमीसारखी दारापासून ताठ निघाले.

"ओळखा बघू, नकली पाय कोणता?"

तिनं क्षणही घेतला नाही. "उजवा," म्हणाली. "लई आपटून टाकता तुम्ही. असा बैल बाजारात आणला तर इसारसुदिक कुणी देणार नाय."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खो खो हसली. नऊ वर्षांची मेहनत, आणि ही बया मला पिशोरच्या बाजारात उभी करून मोकळी! मी हसल्यासारखं केलं आणि भाषणाला लागले. नवा पाय कसा बसवतात, सहा महिन्यांत माणूस कसा चालतो, मी बँकेत जाते, जिने चढते, हे आणि ते. वीस मिनिटं बोलले. ती छताच्या पंख्याकडं बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बरं हाय तुमचं." आणि कुशीवर वळली. घरी येईपर्यंत रिक्षात मी तिच्यावर चरफडत होते. म्हटलं, मर मग. मी असं म्हटलं, मनात का होईना, पण म्हटलं.

मंगळवारी परत गेले ते निव्वळ हट्टानं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत माझ्या टेबलावरून अर्ज असाच परत गेलेला मी कधी खपवून घेतला नव्हता, तर ही कोण लागून गेली! पण त्या दिवशी लिफ्ट बंद, तीन मजले चढावं लागलं, आणि पायाचं उरलेलं टोक ठणकायला लागलं. खाटेजवळच्या स्टुलावर बसले, सरळ नकली पाय काढून भिंतीला टेकवला आणि मांडीखाली चोळत बसले. कार्यक्रम नाही, भाषण नाही. तोंडातून फक्त "आई गं" निघत होतं. ती बघत राहिली. मग तिनंच विचारलं.

"ताई, कापल्यावर पाय कुटं नेत्यात?"

"कुठं म्हणजे?"

"म्हंजी कुटं. तुमचा कुटं हाय?"

आता बघा, मला नऊ वर्षांत लोकांनी काय काय विचारलेलं आहे. पाय घालून झोपता का, पावसात गंजतो का, एका चपलेचं काय करता, मागच्या जन्मी काय पाप केलं होतं. सगळ्यांची उत्तरं माझ्याकडं तयार असतात, त्यातली काही फारशी सभ्य नाहीत.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"इचारलं नाय?"

"नाही."

"नऊ वर्षं?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी एखाद्या नातेवाइकाला स्टँडवर विसरून आले होते. "मालकांनी, भावानं, कुणीच नाय?"

कुणीच नाही. मी बेशुद्ध होते, ह्यांनी सही केली, आणि मी शुद्धीवर आले तेव्हा पाय नव्हता. वाचले म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. त्यात पायाची चौकशी कोण करणार? मीही केली नाही. शिकली-सवरलेली बाई, कार्यालयात एक टाचणी हरवली तर चौकशी लावणारी.

मग ती बोलायला लागली, आणि मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा गप्प बसले. चार दिवसांपूर्वी सफाईवाल्या मावशी एक पिवळी पिशवी घेऊन जाताना तिनं पाहिल्या होत्या. पिशवीत काय, तर पलीकडच्या खोलीतल्या कुणाचा तरी पाय. "कुटं नेला?" तर "जाळायला, बाकीच्या घाणीसंगं." तिनं नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, काय पण विचारता मावशी. डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, त्याची काळजी तुम्ही करू नका. नवऱ्याला विचारलं, तर तो रडायलाच लागला.

"सव्वीस वर्सं या पायानं मी मव्हं वावर तुडवलं," ती म्हणाली. "निंदलं, खुरपलं, लेकरं कडेवर घिऊन मोटर चालू करायला गेले. त्यो घाणीसंगं जाणार? मेल्यावर मला वावरातच नेणार हायेत नं, मंग माझ्या आदी त्याला तिकडं जाऊ द्या. नायतर आमी दोघंबी संगंच जातो. मला काय भ्या नाय."

भीती नव्हतीच. सगळा वॉर्ड तिला भित्री समजून धीर द्यायला निघाला होता, आणि मी त्यात सगळ्यात पुढं, पाय आपटत. मला माझीच इतकी लाज वाटली की भिंतीला टेकवलेला पाय उचलून स्वतःच्या डोक्यात घालावासा वाटला.

पाय चढवून मी डॉक्टरला गाठलं. म्हटलं, आता हा नियम काढेल, मी पण नियम काढते, होऊन जाऊ दे. तर तो बिचारा म्हणाला, "देतो की मॅडम. नातेवाइकांनी मागितला तर देतो, फक्त लेखी अर्ज लागतो. कुणी मागतच नाही."

लेखी अर्ज! चार दिवस एक बाई मरणाशी झुंजत होती, आणि मधे काय अडलं होतं, तर एक कागद. आणि कागद म्हणजे माझं माहेर. उभ्या शहरात याहून योग्य माणूस सापडला नसता. मी खाटेवरच कागद पसरला आणि लिहायला घेतलं. 'विषय: शस्त्रक्रियेद्वारे काढण्यात येणारा डावा पाय परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, सदर अवयव...'

"थांबा," ती म्हणाली. मी मोठ्यानं वाचत होते. "अवयव नगा लिहू. पाय लिहा."

"कागदावर असंच लिहितात."

"लिहू द्या त्यांना. मव्हा पाय हाय."

खोडलं. पाय लिहिलं. मग तिनं आणखी दोन दुरुस्त्या सांगितल्या. 'अंत्यविधी' नको, 'माती देणे' लिहा. आणि 'पतीच्या ताब्यात' असं आहे तिथं 'पतीच्याच हातात' असं स्पष्ट लिहा, जावेच्या हातात नको. माझे कार्यकारी अभियंता माझ्या मसुद्यावर पेन्सिल फिरवायला घाबरायचे. इथं मी सगळं निमूट दुरुस्त केलं. तिनं पेन घट्ट धरून, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. डॉक्टरनं त्यावर शेरा मारला, शिक्का मारला. तिनं शिक्का बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाली, "आणा आता तुमचं बी ते कागद."

आणि दुसऱ्या कागदावर, ज्यासाठी अख्खा दवाखाना हात जोडून बसला होता, तिनं न वाचता सही ठोकली.

बुधवारी ऑपरेशन झालं. गुडघा वाचला. नवरा नव्या कोऱ्या धोतराच्या पानात पाय गुंडाळून, भावाच्या जीपमधून, मांडीवर घेऊन गावी गेला.

शुक्रवारी मी गेले तेव्हा तो परत आला होता आणि खाटेजवळ उभं राहून तिला सगळा वृत्तांत देत होता. गुपचूप उरकायचं ठरवलं होतं म्हणे. पण जाऊबाई आधीच पोचल्या होत्या, तेव्हा मातीला चाळीस माणसं. बांधावरून भांडण असलेला शेजारीसुद्धा टोपी काढून उभा. जाऊबाईंनी गळा काढला, तर कुणीतरी दटावलं, अगं, बाई जिती हाय. मग सुतक पाळायचं की नाही यावर पारावर दुपारपर्यंत खल झाला. शेवटी एका म्हाताऱ्यानं निकाल दिला की गुडघ्याखालचं सुतक लागत नाही. कुठल्या शास्त्रात आहे, देव जाणे. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधेच विचारत होती, अमका आला व्हता का, तमकी आली व्हती का. न आलेल्यांची यादी तिनं मनात पक्की केली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नवरा चहा आणायला गेला. तिनं मला जवळ बोलावलं. आवाज अजून खोल गेलेला होता.

"ताई, रागवू नगा. तुमाला न इचारता एक केलं."

"काय केलं?"

"मालकाला सांगितलं व्हतं, समद्यांची माती टाकून झाली की दोन मुठी आनिक टाका. शहरातल्या एका ताईचा पाय हाय, त्याला कुणी माती दिली नाय, त्याच्या नावानं. टाकल्या त्यांनी. आता कुणी इचारलं तर सांगा, आमच्या वावरात हाय म्हनून. इहिरीच्या वरच्या अंगाला. चांगली जागा हाय."

मी काहीतरी टोमणा मारणार होते. तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन, भर वॉर्डात, सगळ्या बायकांच्या देखत. माझा पाय गेला तेव्हा मी वाचले म्हणून रडले होते, नोकरीचं काय होणार म्हणून रडले होते, दुखतंय म्हणून रडले होते. त्या पायासाठी कधी रडले नव्हते.

धीर द्यायला मी गेले होते. आणि ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेली ती बाई, एका हाताला सलाईन लावलेलं, दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत होती आणि शेजारच्या म्हातारीला सांगत होती, "रडू द्या वं. लई उशिरानं कळलंय तिला."