जाहिरात चालू असताना
भाजलेल्या शेंगा आणि लसूण खलबत्त्यात कुटल्याचा वास आला की मला जुळे सोलापुरातला तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठवतो. नवरा बाहेर जाताना आम्हा सासू-सुनेला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा, आणि वर गोड आवाजात म्हणायचा, "तुमच्याच भल्यासाठी." माझा मोबाईलही त्याच्याच खिशात. ऊन नको म्हणून खिडक्या बंद असायच्या, पंखा नुसती गरम हवा फिरवायचा आणि आम्ही दोघी संध्याकाळी मालिका बघत बसायचो. त्यातल्या भामट्यानं खोटं बोलून लग्न केलं होतं, बायकोचं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. तिला मारायचा आणि मग तिचेच डोळे पुसायचा. सासूबाई चटणी कुटता कुटता त्या बायकोवर ओरडायच्या, "पळ की गं भवाने! बसलीया रडत!" बाहेर कुलूप वाजलं की मात्र आम्ही दोघीही गप्प. एकदा नवरा आला आणि आतून कुलूप न घालता दाराला नुसती कडी लावून अंघोळीला गेला. सासूबाई कुटतच होत्या. मान वर न करता हळूच म्हणाल्या, "पळ की गं. नुसती कडी हाय." मी टीव्हीकडे पाहिलं, तिथं साबणाची जाहिरात चालली होती. मी उठले, चपला हातात घेतल्या. मागे खलबत्त्याचा आवाज एकदम वाढला आणि कडीचा आवाज त्यात बुडून गेला. आता माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. पण तो वास आला की मनात येतं, नवरा अंघोळ करून बाहेर आला तेव्हा घरात सासूबाई एकट्याच होत्या.