घोंगड्यांच्या अंधारातला तास

काचेवरची चित्रं भिंतीवर मोठी करून दाखवणारं यंत्र आमच्या कॉलेजात आलं, पण खिडक्यांना पडदे काही आले नाहीत. मग मोशी-चऱ्होलीच्या आम्हा खेड्यातल्या पोरांनी घरून घोंगड्या आणून टांगायच्या असं ठरलं. आत उकाडा असा, की यंत्रावर भाकरी भाजावी. पिसवा तर इतक्या, की पुढच्या बाकावरचा एक किडकिडीत पोरगा त्यांनी उचलून दारापर्यंत नेला. मी डोळ्यांनी पाहिलं. अंधारात कसं दिसलं, ते विचारू नका.

प्राणिशास्त्राचे सर बोलताना अडखळायचे. उजेडात हजेरीलाच अर्धा तास जाई. पण अंधार झाला, समोरची तोंडं दिसेनाशी झाली, की गडी ओढ्यासारखा वाहू लागे. त्याच भरात एकदा म्हणाले, मोशीकरांच्या घोरण्यानं भिंतीवरचा बेडूक हलतोय. वर्ग खदाखदा हसला. घोरत होतो मी. तो टोमणा मी मनात जपून ठेवला.

सर हंगामी होते. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला प्रिन्सिपॉल एका तासाला येऊन बसले. बेडकाचं काळीज भिंतीवर परातीएवढं उमटलं होतं, सर रंगात आले होते, प्रिन्सिपॉल मान डोलवत होते. मी उठलो आणि सरांच्या शेजारच्या खिडकीवरची माझी घोंगडी ओढली.

"सर, घरी म्हातारा गारठलाय. घोंगडी न्यायची हाय."

बाहेर फाल्गुनातलं ऊन रणरणत होतं. ते थेट सरांच्या तोंडावर आलं. चित्र विरलं.

"असू द्या," प्रिन्सिपॉल म्हणाले, "तोंडी सांगा."

सरांनी तोंड उघडलं. पहिलाच शब्द अडकला. सगळ्या वर्गानं तो एका सुरात पुरवला, "हृदय." दुसराही पुरवला. मग आम्ही मुद्दाम भलतेच पुरवू लागलो. बेडकाला शिंगं दिली, आयाळ दिली, आणि सरांना साधं 'नाही' म्हणता येईना. प्रिन्सिपॉल आम्हाला झापतील असं वाटलं होतं. ते रुमालात हसत होते.

सोमवारी सर आपल्या हातानं रंगवलेल्या काचा न्यायला आले. खोकं जड होतं. त्यांनी खुणेनं बोलावलं, तसं मी दुसरं टोक धरलं. रस्त्यापर्यंत ते मला काहीतरी सांगू पाहत होते. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी कान देऊन उभा राहिलो, राव, पण शब्द पुरवला नाही. बस आली. वाक्य आलं नाही.