गोलकीपरला बाहेर बोलावणारी सिस्टर

वसईजवळच्या पापडी गावात इनेझला सगळे 'सिस्टर' म्हणतात. मठातल्या सिस्टर वेगळ्या, ही हॉस्पिटलातली. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, अपघात विभागात, तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या केळीच्या वाडीत लक्ष घालायचं, असं तिने ठरवलं होतं. ते काही फारसं जमलं नाही. कुंपणाच्या पलीकडे गावाचं फुटबॉलचं मैदान होतं आणि तिथे खेळ सुरू झाला की हिचं लक्ष कामावरून उडायचं. शेवटी संघाचे कोच प्रल्हाद सर एक दिवस प्रथमोपचाराची पेटी घेऊन दारात आले. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नाहीतरी प्रत्येक मॅचला असताच. ही तुमच्याकडेच राहू द्या."

प्रल्हाद सर मूळचे राजापूरचे, वसईत एका शाळेत पी.टी. शिकवायचे. फ्लॅट घेऊन इथलेच झाले होते. गावच्या पोरांना त्यांनी शिस्त लावली आणि तीन वर्षांत संघ गावोगावच्या स्पर्धांत पुढे जाऊ लागला.

मॅचनंतरची खरी मॅच बेकरीच्या बाकड्यावर व्हायची. तिथे इनेझचा नवरा फर्डिनंड मधोमध बसायचा. तरुणपणी तो संघाचा डावा बॅक होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्या हंगामात वाद एकच, संघाचा हुकमी एक्का कोण? फर्डिनंड आणि बहुतेक सगळे कॅल्विनच्या बाजूचे. कॅल्विन डाव्या पायाने मारायचा आणि पाच सामन्यांत त्याने सात गोल केले होते. इनेझ पाव घ्यायला गेली की उभ्या उभ्या सांगायची, "आणि फ्लॉईडने किती वाचवले, ते कोणी मोजलेत का?" फ्लॉईड म्हणजे शेजारच्या थेरेसाचा मुलगा, संघाचा गोलकीपर. तेवीस वर्षांचा, अबोल, हातपाय लांबलचक.

जानेवारीत उपांत्य सामना झाला, घरच्याच मैदानावर. दुपारचे साडेचार झाले असतील. कॅल्विनच्या गोलमुळे पापडी एकने पुढे होती आणि वीस मिनिटं उरली होती. समोरच्या संघाने मागून एक उंच बॉल टाकला. फ्लॉईड गोल सोडून पुढे धावला, त्यांचा फॉरवर्ड एरॉलही धावला. दोघांनी एकदमच उडी घेतली. बॉल फ्लॉईडच्या हातात आला, आणि एरॉलचा वर आलेला गुडघा त्याच्या कानामागे बसला.

फ्लॉईड पडला तो हलेचना. इनेझने मनात आकडे मोजले. सहा मोजून झाले तेव्हा त्याने हात हलवला. तोवर रेफ्रीने एरॉलला लाल कार्ड दाखवलं होतं आणि पापडीचे लोक टाळ्या वाजवत होते. समोर आता दहाच जण उरले होते.

इनेझ पेटी घेऊन मैदानात गेली तेव्हा फ्लॉईड उठून बसला होता. "ठीक आहे, सिस्टर. काही नाही झालं," तो म्हणाला. रक्त नव्हतं, बोलणंही स्पष्ट होतं.

"गोल कोणी मारला आपला?"

"कॅल्विनने."

"कधी?"

तो थांबला. मग त्याने विचारलं, "सिस्टर, पहिला हाफ संपायला किती वेळ आहे?"

इनेझने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, त्याच्या हातातले ग्लव्ह्ज काढून घेतले आणि प्रल्हाद सरांना खूण केली. सर धावत आले.

"याला बाहेर घ्या."

"सिस्टर, दुसरा गोलकीपर आज नाही. बहिणीच्या लग्नाला गेलाय. वीसच मिनिटं आहेत, आणि ते दहाच आहेत. बॉल त्याच्यापर्यंत येणारसुद्धा नाही."

"आला तर?"

कडेने लोक ओरडायला लागले होते. त्यात फर्डिनंडचा आवाज तिला वेगळा ऐकू आला. "अगं, चालतोय तो. बोलतोय. खेळू दे त्याला."

ती तिथेच उभी राहिली. पेटी फ्लॉईडच्या आणि गोलच्या मधे ठेवली. "सर, मी इथून हलणार नाही," ती हळूच म्हणाली. प्रल्हाद सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा फ्लॉईडकडे पाहिलं. मग त्यांनी फ्लॉईडला बाहेर काढलं आणि इनेझकडचे ग्लव्ह्ज घेऊन कॅल्विनच्या हातात दिले.

पापडी दोन-एकने हरली. दोन्ही गोल कॅल्विनच्या डोक्यावरून गेले. त्याला गोलमध्ये उभं राहायची सवय नव्हती आणि पुढे गोल करायला कोणी उरलं नव्हतं. इनेझने ते पाहिलं नाही. ती तेव्हा थेरेसाबरोबर रिक्षात होती, फ्लॉईडचं डोकं धरून. वाटेत तो दोनदा ओकला आणि 'कुठे चाललोय' हा एकच प्रश्न चार वेळा विचारत राहिला.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला धक्का बसलाय, आत रक्तस्राव नाही. मोबाइल नाही, टीव्ही नाही, आणि महिनाभर खेळाचं नाव नाही.

'स्कॅनमध्ये काही निघालं नाही' एवढंच वाक्य गावात पोहोचलं. बाकड्यावर त्याचा अर्थ असा लावला गेला, की सिस्टरने उगाच फायनल घालवली. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण ती पाव घ्यायला गेली की बोलणं थांबायचं. लाल कार्डावरही तट पडले. एकजण म्हणायचा, एरॉलने मुद्दाम मारलं, त्याला वर्षभर बाहेर ठेवा. दुसरा म्हणायचा, तो बॉललाच जात होता, रेफ्रीला पिवळ्यावर भागवता आलं असतं. एवढा सगळा वाद कार्डाचा. ज्याच्या डोक्याला लागलं तो अंधाऱ्या खोलीत पडलेला, त्याचं नाव त्यात फार येत नव्हतं.

घरीही शांतताच होती. फर्डिनंड जेवायचा, वाडीत जायचा, परत यायचा. चौथ्या दिवशी जेवताना तो बोलला.

"माझं डोकं फुटलं होतं तेव्हा मी रुमाल बांधून खेळलो. शहाऐंशी साली. लोकांनी खांद्यावर घेतलं मला."

ही गोष्ट इनेझने लग्नानंतर कितीदा ऐकली होती, याला गणती नव्हती. मुलांच्या बाप्तिस्म्याला, नाताळात, मयतीहून परत येतानासुद्धा. तिने भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"दुसऱ्या हाफमध्ये काय काय झालं, सांगा मला."

"जिंकलो की. शेवटचा गोल माझ्याच पासवर झाला म्हणतात."

"म्हणतात," इनेझ म्हणाली. "रुमाल पांढरा होता म्हणतात. रेफ्रीने थांबवलं होतं म्हणतात. त्यातलं तुम्हाला स्वतःला काय आठवतं?"

फर्डिनंडचा हात ताटात थांबला.

"तुमच्या आईने मला सांगितलं होतं," ती पुढे म्हणाली. "पुढचा महिनाभर तुम्हाला ऊन सोसत नव्हतं. खिडकीला गोणपाट लावून झोपवलं होतं. त्यांना वाटलं, नजर लागली."

त्याने जेवण संपवलं. हात धुतले. मग ओट्यावर जाऊन बसला. आत आला तेव्हा म्हणाला, "खांद्यावर घेतलं तेही मला फोटोमुळे माहीत आहे."

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर इनेझ बेकरीत गेली, तर बाकड्यावर फर्डिनंड बोलत होता. या वेळी कोणी गप्प झालं नाही. शहाऐंशी सालचीच गोष्ट होती, पण त्याने ती उलट बाजूने धरली होती. डोकं आपटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचं काहीच कसं आठवत नाही, आणि चाळीस वर्षं आपण दुसऱ्यांनी सांगितलेलं स्वतःचं म्हणून कसं सांगत आलो. "मी पडलो असतो पुन्हा एकदा, तर ही पोरं-नातवंडं काही नसती," तो म्हणाला. एकाने विचारलं, म्हणजे सिस्टरचं बरोबर होतं म्हणायचं? फर्डिनंड म्हणाला, "मी तिकडून ओरडत होतो, खेळू दे म्हणून. ते चूक होतं, एवढं सांगतो." इनेझ पाव घेऊन घरी आली. त्या दिवशी तिने त्याच्यासाठी कोळंबी केली.

त्याच आठवड्यात एरॉल आला. थेरेसाच्या दारापर्यंत जाऊन परतला आणि इनेझकडे आला. अंगाने दांडगा, पण मान खाली. फ्लॉईड कसा आहे, एवढंच त्याला हवं होतं. इनेझने बसवून चहा दिला.

"मी बॉलच बघत होतो, सिस्टर. खरं सांगतो."

"मी पाहिलं ना. मुद्दाम नव्हतं."

"मग कार्ड चूक होतं?"

"नाही. गुडघा वर होता. तुझ्या मनात काय होतं ते त्याच्या डोक्याला कळत नाही, बाळा." तिने चपला घातल्या. "चल, मी येते बरोबर."

ती त्याला थेरेसाच्या घरी घेऊन गेली. खिडकीचा पडदा ओढलेला होता. फ्लॉईड पलंगावर बसला होता. एरॉलने हात पुढे केला, फ्लॉईडने तो धरला. मग फ्लॉईडनेच विचारलं, "बॉल मी पकडला होता ना? कोणी नीट सांगतच नाही."

"पकडला होतास," एरॉल म्हणाला. "मी खाली आलो तरी तुझ्याच हातात होता."

मार्चमध्ये स्पर्धेच्या समितीची बैठक झाली. प्रल्हाद सरांनी ठराव मांडला. डोक्याला मार लागला तर खेळाडू बाहेर जाईल, त्याच्या जागी जादा खेळाडू घेता येईल, आणि निर्णय कोच घेणार नाही, पेटीवालं माणूस घेईल. दोन गावांनी विरोध केला. वेळ काढायला सोंगं होतील, म्हणाले. बाकीच्यांनी हात वर केले आणि ठराव पास झाला. मग अडचण अशी निघाली, की बहुतेक गावांकडे पेटी होती, पण पेटीवालं माणूस नव्हतं.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये इनेझने वर्ग घेतला. पार कामण गावापर्यंतच्या संघांतून चौदा जण आले, त्यात एरॉलही होता. इनेझने फळ्यावर पाच प्रश्न लिहिले, जखमी खेळाडूला विचारायचे. पहिल्या बाकावर फर्डिनंड वही घेऊन बसला होता आणि चष्मा पुसून पुसून ते प्रश्न लिहून घेत होता.