तोफेनं की बानाबाईनं

पडेगावला आमच्या गल्लीत हवालदार सोनाजीचं डोकं दुखायला लागलं की ते आधी शेळ्यांवरून कळतं. त्याची बायको बानाबाई लगबगीनं तिन्ही शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्यांत चिंध्या कोंबते, खिडकीवर घोंगडी टाकते आणि दारात राखणीला बसते. एकदा पोस्टमननं सायकलची घंटी वाजवली. ‘आवाज करू नको’ हे त्याला समजावताना तिनं असा आवाज लावला, की आतल्या माणसाला घंटी परवडली असती.

दुखणं अर्धशिशीचं. अर्धं डोकं फुटतं, उलट्या होतात, उजेड सुयांसारखा टोचतो. हवालदार तोफखान्यात बावीस वर्षं होता, त्यातली अठरा तोफेवर. पण त्याची थोरली बहीण सारजाबाई, राहणार वैजापूर, हिला तोफ मान्य नव्हती. तिचं निदान साधं होतं. “आमच्या सोनाजीचं डोकं नारळावानी व्हतं. लगीन झालं अन् तडकलं. बायकूचं तोंड हाय का भोंगा?”

बानाबाई बोलते खूप, हे मीही नाकारत नाही. पण नवऱ्याच्या प्रत्येक कळेचा ठपका तीस वर्षं आपल्या जिभेवर घेणं सोपं नाही. लग्नकार्यात बायका तिला मुद्दाम विचारायच्या, “काय म्हंती सोनाजीची टाळू? आज किती बोललीस?”

अशात माजी सैनिकांच्या कचेरीतून कळलं, की दुखणं नोकरीमुळं जडलं असं मेडिकल बोर्डानं मानलं, तर अपंगत्वाचं पेन्शन मिळतं. बानाबाईनं पेन्शन हा शब्द ऐकलाच नाही.

“म्हंजे कशामुळं जडलं ते सरकार लिहून देतं?” तिनं मला विचारलं.

“देतं.”

“शिक्का मारून?”

“शिक्का मारून.”

“मंग सर, करा अर्ज. आजच.”

गल्लीतला मास्तर मीच, म्हणून अर्ज मी लिहिला. बोर्डाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. हवालदार आत गेला आणि दहा मिनिटांत छाती फुगवून बाहेर आला.

“साहेब लई खूश झाले,” चहाच्या टपरीवर तो सांगायला लागला. “म्हणले, कैसे हो हवालदार? मी म्हणलं, एकदम फर्स्ट क्लास, साब! म्हणले, नौकरी में कभी सिक रिपोर्ट किया? मी म्हणलं, बाईस साल में एक बार भी नहीं, साब!”

मी कपाळाला हात लावला.

“अवो,” बानाबाई म्हणाली, “तुमी काय भरतीला गेला व्हता का?”

“मोठ्या साहेबानं इचारल्यावर ठीक हाय असंच म्हणायचं असतं. तुला नाय कळायचं.”

पत्र आलं. दुखण्याचा सेवेशी संबंध नाही. सारजाबाई पुढच्याच गाडीनं हजर झाली. येताना तिनं पेढे आणले होते असं बानाबाई सांगते. मी पाहिले ते बत्तासे होते.

“आता सरकारनंच सांगितलं, तोफ नव्हती,” सारजाबाई म्हणाली. “मंग ऱ्हायलं कोण?”

बानाबाई दोन दिवस बोलली नाही. गल्ली घाबरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. “सर, अपील.”

अपिलाला घरच्या माणसाचा जबाब जोडायचा होता. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा रामकिसन म्हणाला, “मावशी, कधीपासून दुखतं? लग्नाआधी?”

“नाय. लगीन झाल्यावर.”

“बरं. ‘लग्नानंतर त्रास सुरू झाला’...”

“टाइप कर अन् मंग बघ!” बानाबाईनं त्याचा कागदच ओढला. “लगीन झाल्यावर चार वर्सांनी! तोफेवर गेले तवापासून. आधीची चार वर्सं सामानाच्या कोठारात व्हते, तवा मी काय मुकी व्हते?”

“तेव्हापण बोलायच्या?”

“आत्ताच्या दुप्पट!”

“पुरावा काय?”

पुरावा डालड्याच्या डब्यात निघाला. हवालदारानं पलटणीतून पाठवलेली सगळी आंतर्देशीय पत्रं. बानाबाईला वाचता येत नाही, पण तिनं एकही टाकलं नव्हतं. मी तारखेनं लावून वाचायला बसलो. पहिल्या चार वर्षांत डोक्याचा उल्लेख नाही. पुढं मात्र, हिमालयात असो की वाळवंटात, एकतीस पत्रांच्या शेवटी तेच वाक्य : ‘डोके आता बरे आहे. काळजी नसावी.’ दुखलं होतं हे या बहाद्दरानं एकदाही कळवलं नव्हतं. एकतीस वेळा फक्त बरं झाल्याचं कळवलं होतं!

“घरची पत्रं साहेबाफुडं न्यायची नाय,” हवालदार भडकला. “खासगी मजकूर हाय.”

“कसला खासगी? शेळी व्याली का, एवढंच तर इचारलंय दर पत्रात!”

पत्रं गेली. दुसऱ्या बोर्डावर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बानाबाईलाही आत बोलावलं, आणि वाचून दाखवायला मला.

“हवालदार, ये खत आपके हैं?”

“जी, साब.”

“इन में लिखा है, सर अब ठीक है. इकतीस बार. तो बिगड़ा कब था?”

हवालदार सावधान उभा. नजर समोरच्या भिंतीवर. मला वाटलं, आता हा पुन्हा फर्स्ट क्लास म्हणणार आणि मी याला इथंच बदडणार. बानाबाई चक्क गप्प होती. त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं.

“रेंज पे, साब,” तो म्हणाला. “हर फायरिंग के बाद. पीछे झाड़ी में जाके उल्टी करता था. लड़कों को बोलता था, पानी खराब है.”

चार महिन्यांनी पत्र आलं. दुखणं लष्करी सेवेमुळं. बानाबाईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि नवऱ्याला व मला घेऊन थेट वैजापूर गाठलं. सारजाबाई ओट्यावर कांदे निवडत होती. मी मोठ्यानं वाचलं, शिक्का दाखवला.

“कागदाचं काय खरं?” ती म्हणाली. “मागं नाय म्हणला, आता व्हय म्हणतो. उद्या अजून काय म्हणंल.”

बानाबाईचा चेहरा पडला. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण आधी हवालदारच बोलला.

“आक्का, कागद ऱ्हाऊ दे. मी सांगतो. तोफच व्हती. हिच्यापायी माझं डोकं एकदा बी दुखलं नाय.”

सारजाबाईनं हातातला कांदा खाली ठेवला.

“मंग इतकी वर्सं काहून बोलला नाहीस, मुडद्या? मी हिला काय काय बोलले!”

बानाबाई तिच्या शेजारी मांडी घालून बसली, एक कांदा उचलून सोलायला लागली. “आक्का, मी बी त्येच म्हणते. इचारा त्यायला.”

हवालदार चपला शोधायला लागला.