बारवेवरचे बारा खांब

१९३८ सालची माघी अमावास्या. रक्कम निजामाच्या हाली शिक्क्याचे पंचेचाळीस रुपये. चावडीत हजर आमचे पाटील, शेजारगावचे एक जमीनदार मालक आणि मी. सौदा गावच्या बारवेवरच्या दगडी मंडपाचा. मालकांना त्या दगडांचा गोठा बांधायचा होता. अकरा रुपये बयाणा त्यांनी तिथेच मोजला.

मंडपाला बारा खांब. दगडावर दगड नुसता बसवलेला, चुना कुठेच नाही. सांध्यात मी एकदा गवताची काडी घालून पाहिली होती, जात नाही. असं काम आता कोणाच्यानं होणार नाही, पाडू नका, एवढंच मी म्हणालो.

“आत देव न्हाई,” पाटील म्हणाले. “देव न्हाई तर देऊळ न्हाई. नुसते धोंडे. तुमाला काहून तकलीफ?”

मी उठून बारवेवर गेलो. उत्तर तिथे एका धनगराला सुचलं. त्याची मेंढरं उन्हाळ्यात बारवेवर पाणी पिऊन मंडपाच्या सावलीत बसत.

“देव न्हाई म्हनत्यात ना, काका? आमच्या माळावर धोंड्याला शेंदूर फासला की देव व्हतो.”

शेंदूर आणि तेल मी आणून दिलं. एका दुपारी गाव रानात असताना त्याने बाराही खांब पुरुषभर उंचीपर्यंत माखले. मी वाटी धरून उभा होतो.

आठव्या दिवशी मालक चार गाड्या घेऊन आले. गाडीवान उतरले, वहाणा काढल्या, हात जोडले आणि पुन्हा गाडीवर जाऊन बसले.

“हे देव अमावास्येला नव्हते,” मालक म्हणाले.

“आता तर हायेत, मालक,” धनगर म्हणाला. “कवा आले ते त्यांनाच पुसा.”

“तूच पूस.”

“मी लई लहान मानूस.”

मालकांनी एका गाडीवानाला पहार दिली. त्याने ती अदबीने परत केली. “पहिला घाव तुमी घाला. मंग आमी हायेच.”

मालकांनी पहार हातात तोलली, खांबाकडे पाहिलं आणि ती गाडीत टाकली.

मंडप उभा राहिला. खांबांवर हत्तींची रांग होती, आरसा धरलेली एक बाई होती. त्या आता दिसत नाहीत. दर शनिवारी लोक वरून शेंदराची भर घालतात. थोडं खरवडू म्हणालो तर माझ्या घरचेच रागावले.

बयाणा पाटलांनी मारुतीच्या देवळावरच्या पत्र्यांत घातला होता. “देव तुमी वाढवले, तुमीच भागवा,” ते मला म्हणाले. मालकांना बयाण्याचे अकरा आणि रिकाम्या गाड्यांच्या भाड्याचे तीन, असे चौदा रुपये मी चावडीत मोजून दिले.